खारवलेलं पुस्तक

सन २०२३. मला बहात्तर वर्षं पुरी झाली होती, आणि नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मी चार दिवस एका पुस्तकाला भिऊन काढले.

दर्याला मी भ्यालेलो आहे. ते लपवायचं कारण नाही, जो भीत नाही तो परत येत नाही. पण ते भिणं वेगळं. वारा फिरला, पाणी काळं झालं, की माणूस दोरी धरतो, वल्हं मारतो, हातांना काम असतं. पुस्तकाला भिताना हातांना काही कामच नव्हतं. आणि जे काम मी हातांना दिलं, त्यानेच सगळा घोटाळा केला.

शाळेत मी दुसरी पास आहे. तिसरीत दिवाळीपर्यंत बसलो, मग बापाने रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोरीला लावला. अक्षर येतं, पण एकेक करून येतं. जोडाक्षर आलं की मी थांबतो, जसा खडकाजवळ होडी थांबवतो तसा, आणि बाजूने वळसा घालतो. पेपरातले मथळे मी चारचौघांत मोठ्याने वाचतो, खालचं बारीक मनात वाचल्यासारखं करतो. हे माझ्या नातीशिवाय कोणाला ठाऊक नाही. आता तुम्हाला कळलं, ते असो.

नात तेव्हा आठ वर्षांची. मुलगा आणि सून गोव्यात हॉटेलात कामाला, पोरगी आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे. आमची वाडी किनाऱ्याला लागून, आणि वाचनालय वर बाजारपेठेत, देवळाच्या मागे. दोन खोल्या, एक लांब बाक, पेपरांचं टेबल. त्या वर्षी गावच्या एका मुंबईकराने वाचनालयाला लहान मुलांची पुस्तकं पाठवली. साधीसुधी नाहीत, बक्षीस मिळालेली. जाड पुठ्ठ्याची, गुळगुळीत पानांची, एकेका पानावर असं चित्र की आत पाय टाकावा. कव्हरावर गोल सोनेरी बिल्ला. त्यांच्यासाठी काचेचं वेगळं कपाट आलं, वर पाटी लागली, ‘पुरस्कारप्राप्त बालसाहित्य’. ती पाटी वाचायला मला बराच वेळ लागला, पण वाचली.

एका शनिवारी नात रडत घरी आली.

“काय झाला गो?”

“बाजारातल्या पोरांका पुस्तकां घराक देतत. आमका म्हणतत, हयसरच बसून वाचा.”

“कोण म्हणता?”

“कोण नाय. पण देवक नाय.”

मी टोपी घातली आणि सरळ वर गेलो. ग्रंथपाल बाई तरुण, स्वभावाने गरीब. माझ्याकडे बघून तिने मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. तिथे मास्तर बसले होते, वाचनालयाचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं, मला नाही. काचेच्या कपाटाची किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात.

मास्तर वाईट माणूस नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “गैरसमज करून घेऊ नका. मी मुलांबद्दल बोलत नाही. पण तुमच्याकडे घराघरात मासळी वाळते. खारी हवा, ओल. असल्या पुस्तकांना वास लागला की तो जात नाही. ही पुस्तकं पुन्हा मिळायची नाहीत आपल्याला.”

कचेरीत बोलायचं म्हणून मीही शुद्ध बोललो. “मास्तर, आमची पोरं हात धुतात.”

“धुतात हो. मी कुठे नाही म्हटलं?”

“मग वास कोणाच्या हाताला येतो? माझ्या?” मी हात पुढे केला. “घ्या, हुंगा.”

बाकावरचे दोघे पेपरवाले हसले. मास्तरांनी काही हुंगलं नाही. पण मी तिथून हललोही नाही. त्यांचा चहा आला, त्यांनी प्यायला. मी उभाच. शेवटी बाईच म्हणाली, “सर, महिनाभर देऊन बघू या का? आजोबा हमी घेतायत.”

मी कुठे हमी म्हटलं होतं? पण तोंडाशी आलेला शब्द मागे घेणारा मी नव्हे. म्हटलं, “घेतो. वाडीतल्या पोरांनी नेलेल्या एका जरी पुस्तकाला डाग पडला, वास लागला, तर माझं नाव.”

“नावाचं काय करायचं?” मास्तर म्हणाले. “तसं झालं तर वाडीची पुस्तकं बंद. पुन्हा तुम्ही यायचं नाही भांडायला. कबूल?”

“कबूल.”

त्यांनी किल्ली काढली. त्या दिवशी वाडीतली सात पोरं सात पुस्तकं घेऊन खाली उतरली, आणि मी मागून, जसा काही रापण भरून आली आहे असा चालत होतो. शनिवारी न्यायचं, पुढच्या शनिवारी परत, असा नेम ठरला. पोरं जपत होती. एकीच्या आईने तर पुस्तकाला जुन्या लुगड्याची खोळ शिवली. दोन आठवडे मास्तरांनी एकेक पान उलटून बघितलं, नाकाजवळ नेलं, आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मला गोड लागायचं.

तिसऱ्या आठवड्यात नातीने एक समुद्राचं पुस्तक आणलं. एक मुलगी बापाच्या होडीतून पहिल्यांदा दर्यात जाते, एवढीच गोष्ट. पण चित्रं सुरेख. नात संध्याकाळी पडवीत बसून वाचायची, मी जाळं विणत ऐकायचो. तिला वाटायचं ती मला वाचून दाखवते. मीही तसंच वाटू दिलं.

मंगळवारी तिने होडीचं पान माझ्यासमोर धरलं. मी बघितलं आणि सुई थांबवली.

“ह्या चुकीचा आसा.”

“काय?”

“उलांडी. उलांडी उजव्या बाजूक दाखवल्यानी.”

उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला दोन आडव्या दांड्यांना बांधलेलं लाकूड, पाण्यावर तरंगतं. आमच्याकडे ते डाव्या बाजूला असतं. माझ्या बापाच्या होडीला डाव्या बाजूला, त्याच्या बापाच्या होडीला डाव्या बाजूला. जाळं उजवीकडून टाकतात, तिथे लाकूड आडवं आलं तर जाळं टाकणार कसं?

नात म्हणाली, “आजोबा, ह्या पुस्तकाक बक्षीस मिळाला. चुकीचा कसा आसतला?”

“बक्षीस देणारो कधी होडयेत बसलो होतो?”

“पण बिल्लो आसा!” तिने सोनेरी बिल्ल्यावर बोट ठेवलं. “तुमका खंय बिल्लो आसा?”

म्हातारी आतून हसली. “बरा इचारल्यान!”

ते मला लागलं. आठ वर्षांच्या पोरीचं बोलणं, पण लागलं. आणि त्याहून वाईट म्हणजे मला स्वतःलाच शंका आली. होडी चित्रात आपल्याकडे तोंड करून होती की पाठ करून? तोंड करून असेल तर डावं ते उजवीकडे दिसणार. मी ते पान खूप वेळ बघितलं. कळेना. ज्या होडीवर माझं आयुष्य गेलं तिचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे मला कागदावर कळेना.

दुसऱ्या दिवशी बुधवार. म्हातारी पहाटेच्या गाडीने सुकं म्हावरं घेऊन कुडाळच्या बाजारात गेली. नात शाळेत. मी पुस्तक काखेत मारलं आणि किनाऱ्यावर गेलो. माझी होडी अर्धी वाळूत, अर्धी पाण्यात होती. मनात हे की पुस्तक होडीतच उघडं ठेवायचं, पुढून बघायचं, मागून बघायचं, म्हणजे एकदाचा निकाल लागेल. आडव्या फळीवर मी पुस्तक उभं केलं आणि नाळेकडे, होडीच्या पुढच्या टोकाकडे, गेलो. मग मागे. मग परत पुढे. निकाल लागला. होडी चित्रात पाठ करूनच होती, उलांडी उजवीकडे, चूक ती चूक. मी एवढा खूश झालो की पाणी चढतंय तिकडे लक्षच नाही. एक लाट आली, मोठीही नाही, होडी एका अंगावर कलली आणि पुस्तक फळीवरून सरळ तळात गेलं. तळात रात्रीचं पाणी साठलेलं, खारं, त्यात म्हावऱ्याचे खवले.

मी उडी मारून उचललं. पण कागद तो कागद. निम्मं पुस्तक भिजलं होतं.

आता इथे मी जे केलं ते सांगतो. तुम्ही हसाल, हसा. पण माझ्या जागी आमच्या वाडीतला कोणीही असता तर त्याने हेच केलं असतं, असं मला अजून वाटतं.

ओली वस्तू टिकवायची कशी, हे आम्हाला एकाच तऱ्हेने ठाऊक. मीठ लावायचं. मीठ पाणी ओढून घेतं. बांगडा चिरायचा, आत मीठ भरायचं, थरावर थर रचायचे, वर दगड ठेवायचा. एका रात्रीत पाणी सुटतं, मग दोन उन्हं दाखवली की ताठ. वर्षभर काही होत नाही. नुसतं उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतील, हे मला कळत होतं. तेव्हा मी मांगरात गेलो. मांगर म्हणजे जाळी, वल्ही ठेवायची आमची झोपडी. तिथे म्हातारीची मिठाची दोन पिंपं असतात. एकातलं मीठ काढलं, दगडाने बारीक केलं आणि पानापानात पसरलं. हलक्या हाताने, चित्रांना ओरखडा येऊ नये म्हणून. मग दोन फळ्यांमध्ये पुस्तक ठेवलं, वर जाळ्याचा दगड. आणि मला बरं वाटलं. हातांना काम मिळालं होतं ना.

संध्याकाळी नातीने विचारलं, “आजोबा, पुस्तक खंय?”

“माझ्याकडे. माका नीट बघूचा आसा.”

“तुमी वाचतास?”

“मगे काय, फक्त तुकाच येता?”

ती खूश झाली. आजोबा पुस्तक वाचतात म्हणून. ती झोपायला गेली, आणि मी अर्ध्या ताटावरून उठलो. म्हातारी म्हणाली, “पॉट बरा नाय काय?” म्हटलं, “उन लागला.” एका दिवसात दोनदा खोटं.

गुरुवारी मी फळ्या उघडल्या. मीठ ओलं झालं होतं, म्हणजे पाणी ओढलं होतं. झटकलं, थोडं नवं घातलं, आणि मांगराच्या मागे, कोणी जात नाही तिथे, ऊन दाखवलं. वर जुनं जाळं टाकलं, कावळ्यांची भीती. एक कावळा आलाही, जाळ्याच्या भोकातून चोच घालून बघत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कावळ्याला पुस्तकाचं काय पडलंय? पण मी त्याला दगड मारून हाकलला आणि उन्हाकडे बघत बसलो.

दुपारी पुस्तक ताठ झालं. खरंच झालं. पानं उलटताना कडकड वाजत होती. चित्रं बरीचशी शाबूत. मी देवाला नारळ बोललो. मनात मास्तरांच्या नाकापुढे पुस्तक धरून बघितलं, पानं थोडी कडक आहेत, नव्या पुस्तकाची असतातच, म्हणू. शनिवारला दोन दिवस होते. रात्री झोपलोसुद्धा.

शुक्रवारी दुपारी आभाळ भरलं. भादव्यातलं ते, सांगून येत नाही. पाऊस दहा मिनिटं पडला असेल, पण त्याआधीची आणि नंतरची ती चिकट हवा. मी मांगरात धावलो. पुस्तक आत कोरड्या जागी होतं, एक थेंब पडला नव्हता. उघडलं तर हात ओला झाला. पानांना घाम फुटल्यासारखं झालं होतं. कागदात मुरलेलं मीठ आता हवेतलं पाणी ओढत होतं. एवढी वर्षं घरात मिठाची बरणी आहे, पावसाळ्यात ती पाझरते, म्हातारी तिच्यात तांदूळ घालते, हे सगळं मी बघितलेलं. तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. समुद्राचा निळा रंग मुलीच्या फ्रॉकवर उतरला होता. कव्हरावरचा सोनेरी बिल्ला बोट लावताच सुटून आला. मी तो चंचीत ठेवला. का, ते माहीत नाही. हरवू नये म्हणून.

आणि वास आला. आधी मला कळला नाही, कारण मला तो वास येतच नाही, जन्मभर नाकात बसलेला आहे. म्हातारी दारात आली आणि थांबली.

“ह्या काय ओ?”

मी सांगितलं. सगळं. लपवण्यासारखं राहिलं नव्हतं काही.

ती ऐकत होती, मग पिंपांकडे बघितलं. “खंयच्या पिंपातला मीठ घेतलात?”

“कोनातल्या.”

“कोनातल्या?” तिने कपाळाला हात लावला. “अहो, ता बांगड्यांचा मीठ! दोनदा वापरलेला! दुसऱ्या खेपेक लागता म्हणून ठेवलंय मी ता!”

“मीठ ता मीठ.”

“मीठ ता मीठ! सगळा आयुष्य म्हावऱ्यात काढलात आणि ह्या कळूक नाय? तुमी पुस्तक सुकवलात नाय, खारवलात! उद्या बाजाराक न्हेलंय तर गिऱ्हाईक मिळात!”

ती हसायला लागली, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबली. सदतीस वर्षं संसार केलाय तिने माझ्याबरोबर. पदराने पुस्तक पुसायला लागली. मग आत गेली, निखारे आणले, ऊद घातला आणि पुस्तक धुरावर धरलं. वास गेला नाही. दोन वास झाले. “देवळात बांगडे भाजल्यासारख्या झाला,” ती म्हणाली, आणि पुस्तक खाली ठेवलं.

मग ती हळू आवाजात म्हणाली, “असा करा. सांगा, चेडवाच्या हातातून पाण्यात पडला. आठ वर्सांची पोर. तिका कोण काय बोलतला? मास्तर झाले तरी माणूसच.”

मी नाही म्हटलं असेल, असं तुम्हाला वाटेल. म्हटलं नाही. खरं सांगतो, तोच विचार मलाही म्हातारीच्या आधी आला होता. दुपारभर तो डोक्यात होता. पोरीला कोण रागवणार? मास्तर तिच्या डोक्यावर हात फिरवतील. आणि माझं तोंड राहील. मी ज्या तोंडाने ‘हुंगा’ म्हटलं होतं ते तोंड.

नात शाळेतून आली होती. मांगराच्या दाराबाहेर उभी होती, कधीपासून ते मला ठाऊक नाही. आत आली आणि पुस्तकाला हात लावला. रडली नाही. म्हणाली, “आजोबा, मी सांगतंय. माझ्या हातातून पडला म्हणून. माका चलात.”

“तुका कित्याक चलात?”

“तुमका बोलतीत ना ते.”

मी उठलो. पुस्तक एका फडक्यात बांधलं आणि वाचनालयाकडे निघालो. आत्ताच सांगून टाकू, ही पोर आणखी काही बोलायच्या आत. चढण चढताना छाती धपापत होती, थांबलो नाही. पण वाचनालयाला कुलूप. पावसामुळे बाई लवकर गेल्या, असं समोरच्या पानवाल्याने सांगितलं. तो हवेत नाक करून म्हणाला, “काय तात्या, फडक्यात सुका घेऊन खंय चललास?”

मी परत फिरलो.

त्या संध्याकाळी मी पडवीत बसून हिशेब मांडत राहिलो. पोरीने पाडलं म्हटलं, तर मास्तर म्हणतात तेच खरं झालं, की आमच्या पोरांच्या हातात पुस्तक टिकत नाही. एकदा खरं झालं की ते कायमचं खरं. उद्या ह्या सात पोरांची पोरं शाळेत जातील तेव्हाही कोणीतरी कपाटाची किल्ली खिशात ठेवून तेच सांगेल. मी पाडलं म्हटलं, तर? तरी शर्त तीच होती. डाग पडला, वास लागला, वाडीची पुस्तकं बंद. मी कबूल म्हटलं होतं. शेजारच्या घरातून एक पोर मोठ्याने वाचत होती, उद्या परत द्यायचं म्हणून शेवटची पानं पुन्हा वाचत होती. हत्ती, हत्ती, असं काही तरी ऐकू येत होतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, आणि उठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी मी उठलो, आंघोळ केली, लिंबाची फोड घेऊन दोन्ही हात कोपरापर्यंत चोळले. धुवट सदरा घातला. नातीला म्हटलं, “तू पोरांबरोबर ये. मी फुडे जातंय.” वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलो होतो.

बाई आल्या, मास्तर आले. मी आधी चंची उघडली आणि सोनेरी बिल्ला टेबलावर ठेवला. मग फडकं सोडलं. बाईने नाकाला पदर लावला नाही, हे मी विसरणार नाही. पण डोळे भरून आले तिचे.

“कोणी?” मास्तरांनी विचारलं.

“मी.”

“तुम्ही? की...”

“मी म्हटलं ना. पोरीच्या हातात पुस्तक ठीक होतं. मी ते होडीत नेलं. मी भिजवलं. आणि मीच मिठात घातलं.”

“मिठात?” मास्तर खुर्चीत पुढे आले. “मिठात कशाला?”

मग मी बांगड्यापासून सगळं सांगितलं. सांगताना मला कळत होतं की हे किती वेड्यासारखं वाटतंय. मास्तरांनी पुस्तक उघडलं. पानं चिकटलेली, त्यांनी नखाने सोडवली. मीठ टेबलावर पडलं. तेवढ्यात वाडीतली पोरं दारात येऊन उभी राहिली, सहा जणांच्या हातात सहा पुस्तकं, नातीचे हात रिकामे. कोणी आत येईना.

बाईने नोंदवही उघडली. पुस्तक परत आलं की तीत सही असते, शेवटच्या रकान्यात शेरा. ती शेरा लिहायला लागली, मी म्हटलं, “बाई, तो मी लिहितो.”

“तुम्ही सांगा, मी लिहिते आजोबा.”

“नाही. माझ्या हाताने होऊ दे.”

सगळी बघत होती. त्या बारक्या रकान्यात माझं अक्षर मावेना, बाहेर गेलं, खालच्या ओळीत गेलं. वेळ लागला. कोणी हसलं नाही. मी लिहिलं:

‘हे पुस्तक मी खराब केले. पोरांनी नाही. माझे बंद करा, पोरांचे चालू ठेवा.’

सही केली. मग आठवलं, आणि सहीच्या खाली अजून एक ओळ लिहिली: ‘होडीची उलांडी डाव्या बाजूला असते. चित्रात चूक आहे.’

मास्तरांनी वही आपल्याकडे ओढली. वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुस्तकातलं होडीचं पान शोधलं, त्यावरचं मीठ फुंकलं.

“नेहमी डावीकडेच?”

“नेहमी.”

“मी पन्नास वर्षं तुमच्या होड्या बघतोय,” मास्तर म्हणाले. “माझ्या लक्षात नाही आलं कधी.” मग म्हणाले, “शर्त तुम्हीच केली होती.”

“केली होती. म्हणून तर आलो. मी ह्या पुस्तकांना पुन्हा हात लावणार नाही. पण शर्त माझ्या नावावर होती, त्यांच्या नाही.”

मास्तरांनी पुस्तक मिटलं. दाराकडे बघितलं, तिथे पोरं अजून उंबऱ्याच्या बाहेर. मग खिशात हात घालून किल्ली काढली, बाईच्या समोर नोंदवहीवर ठेवली, आणि पेपर उघडून तोंडासमोर धरला. तो पेपर आदल्या दिवशीचा होता.

“या रे आत,” बाई म्हणाली. “एकेक जण. पुस्तकं दाखवा.”

मी बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. हात पाठीमागे बांधले. थोड्या वेळाने नात नवं पुस्तक घेऊन आली आणि माझ्यासमोर उघडून धरलं. मी हात सोडले नाहीत. पान तिनेच उलटलं.

“ह्याच्यात होडी आसा?” मी विचारलं.

“नाय. हत्ती आसत.”

“मगे वाच.”